आईला नेत नाहीत

माधवीच्या नवऱ्याचा, विवेकचा फोन आला तेव्हा मी हूफडॉर्पच्या बाजारात कोथिंबीर निवडत होते. "माधवी गेली," एवढंच म्हणाला. आजारपण माहीत होतं, तरी हात जुडीवरच राहिला...

माधवी जवळच्याच नीउ-व्हेनेप गावात राहायची. आम्ही दोघी नवऱ्यांमागून इथे, डचांच्या देशात आलेल्या, डचच्या वर्गात एकाच बाकावर बसलेल्या. तोंडाने फटकळ. सायकल शिकताना कालव्यात पडली आणि वर येऊन कालव्यालाच शिव्या घातल्या. पण तिच्या बाळाबद्दल चकार शब्द काढत नसे. बऱ्याच वर्षांपूर्वी ते इथेच जन्मलं आणि आठवड्याच्या आत गेलं. तान्ह्या बाळाला आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात. विवेकने एकट्याने जाऊन त्याला नीउ-व्हेनेपच्याच दफनभूमीत पुरलं.

या वसंतात, ती जरा बरी असताना, आम्ही युट्रेख्टजवळचं एक जुनं चर्च बघायला गेलो. इंग्लंडहून आलेल्या अँग्लो-सॅक्सन मिशनऱ्यांनी उभारलेलं. फरशी दुरुस्त करताना खाली थडगी सापडली होती. काचेखाली एका बाईचा सांगाडा होता, आणि तिच्या कुशीत मूठभर इवलाली हाडं. माधवी काचेशी उकिडवी बसली ती उठेचना.

"हिला सोबत मिळाली गं," ती म्हणाली. "बाळाला पुरायला नेलं तेव्हा मी हॉस्पिटलमध्ये होते. घरी असते तरी काय, आपल्यात आईला नेत नाहीत. आता मला जाळतील. बाळ मातीत, मी नदीत... विवेकला सांग, मला बाळाजवळ ठेव म्हणावं."

"तूच सांग की."

"त्याच्यासमोर बाळाचा विषय काढवत नाही."

तेव्हापासून ती काच माझ्या स्वप्नात येते, आणि काचेखाली माधवी असते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी मला भीती वाटते.

अंत्यसंस्कार झाल्यावर मी विवेकला सगळं सांगितलं. अस्थी नदीत सोडायला नाशिकला न्यायचं ठरलं होतं. "माझ्या आईला काय सांगू?" एवढंच तो पुटपुटला. मला वाटलं, संपलं.

गेल्या आठवड्यात त्याने मला दफनभूमीत बोलावलं. हातात अस्थींचा कलश होता. तिथल्या माणसाने बाळाच्या जागेवर छोटा खड्डा करून दिला होता. विवेकने तो बघितला, नकारार्थी मान हलवली आणि गुडघ्यांवर बसून थोडं पलीकडे हातानेच माती उकरायला लागला.

"तिथे पाय येतात त्याचे," तो म्हणाला. "डोकं इकडे आहे. मीच ठेवलं होतं ना... इतकी वर्षं वाट बघितली, ती एकदा तरी विचारेल म्हणून."