जळकं ऑइल

मुलांनो, मंठ्याच्या बाजारात माझ्या ओळखीचे एक कापडवाले शेठजी आहेत. कुणाशीही बोलताना ते मीटरपट्टी हातातून खाली ठेवत नाहीत.

त्यांच्या दुकानाच्या पायरीवर केस गळालेली, खाजवून रक्ताळलेली एक कुत्री पडून असते. जनावरांच्या डॉक्टरांनी खरूज सांगून तिला इंजेक्शन दिलं आहे. बरं व्हायला वेळ लागेल. परवा मी दुकानासमोर उभी असताना शेजारचा गॅरेजवाला जळक्या ऑइलचा डबा घेऊन आला. आपल्याकडे खरजेवर हेच लावतात आणि ते चाटून कुत्री मरतात.

"शेठजी, लावून टाकतो. जल्दी बरी होईल. न्हाई तर गिऱ्हाईक तुटंल तुमचं."

"आधी तुझ्या हाताला लाव अन् चाट. मंग तिला लावू."

"माणूस कशाला चाटंल?"

"ती तर दिवसभर अंग चाटून राह्यली."

तरीही तो वाकला. शेठजींनी मीटरपट्टी कुत्रीवर आडवी धरली. "दुकान बसलं तरी चालंल. डबा उचल."

तो पुटपुटत गेला. दोन बायका नाक मुरडून पायरीवरूनच परतल्या. शेठजींनी त्यांना हाक मारली नाही. मला काही घ्यायचं नव्हतं, तरी कुत्रीला वळसा घालून मी आत गेले आणि परकराचं कापड मागितलं.