मिशीवाला अ

चितारकाकांना सरळ अक्षर काढता येत नसे असं नाही, त्यांना ते बघवत नसे. अमरावतीच्या वखारीत मी तागडीवर होतो आणि ते कापसाच्या गाठींवर अक्षरं रंगवत. अकोल्याला जायच्या मालावर अ, मूर्तिजापूरला जायच्या मालावर म. पण अ-ला पीळदार मिशी आणि म-चं पोट सुटलेलं! बाजारातल्या पाट्याही त्यांच्याच. कासाराच्या क-च्या हातात बांगड्या, तर तालमीच्या भिंतीवरचा त दंड थोपटून उभा.

रंगवताना ते अक्षरांशी बोलत. "नीट बस नं बे, पोट आत घे," असं म-ला दटावत. आमची हसून हसून पुरेवाट होई.

तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. बैलगाड्या रात्रंदिवस धावत होत्या. अशात मुंबईचा अडत्या आला, गाठी बघून त्यानं नाक मुरडलं आणि आमच्या शेटजींना अक्षरं कोरलेले पत्र्याचे साचे पाठवले. साचा ठेवायचा, वरून काजळी फासायची, अक्षर तयार. काकांना घरी बसवलं. ते आठवडाभरात निम्मे झाले.

इकडे वेगळाच घोळ. गाडीवाल्यांना कुठं वाचता येत होतं? "मिशीवाला अकोल्याले, पोटल्या मूर्तिजापूरले," एवढंच ते जाणत. कोऱ्या चेहऱ्याची अक्षरं बघून त्यांनी माल वाटेल तिथं उतरवला. अकोल्याचे व्यापारी भांडायला आले, शेटजींच्या तोंडचं पाणी पळालं. काकांना बोलावणं गेलं.

काका आले, पण कुंचल्याला हात लावला नाही. कात्री मागितली आणि साच्याच्या पत्र्यातच अ-ला मिशी कोरली, म-ला पोट कोरलं.

शेटजी चकित. "काका, आता हे कोणीबी छापीन. मंग तुमचं काय काम?"

"काम गेलं तं गेलं, शेटजी. मी आज हाओ, उद्या नाही. पण त्याले बिनमिशीचं गावोगाव नका फिरवू."

शेटजींनी राहा म्हटलं, पण फुकट बसून खाणं काकांना जमणारं नव्हतं. हिवरखेडला लेकीकडे जायला ते अकोल्याच्या गाडीत गाठींवर चढून बसले. त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. मी म्हटलं, "काका, थांबा नं. घाई काहून?"

त्यांनी शेजारच्या गाठीवरच्या मिशीवाल्या अ-वर थाप मारली. "माहं सारं खटलं, सारे लेकरं, गाडीत बसून राहिले, बाप्पा. मी एकटा मागं राहून काय करू?"

गाडी हलेपर्यंत मी हसत होतो. मग मात्र मला रडू आवरेना.