मी बघते
आमच्या ताईला चिडताना कुणी कधी पाहिलं नाही. हाच तिचा दोष होता असं म्हटलं, तर लोक मला कृतघ्न म्हणतील. म्हणू देत. इतकी वर्षं तिच्या सावलीत बसून मी चादरींना ठिगळं लावली आहेत, तेवढं बोलायचा हक्क मला आहे.

इस्पितळाच्या तळघरात आमचा धुलाईखाना. वर माणसं बरी होतात किंवा मरतात, खाली सगळ्यांच्या चादरी एकाच यंत्रात फिरतात. मधोमध इस्त्रीचा मोठा रूळ. माणसाच्या कमरेपेक्षा जाड, तापलेला, संथ फिरणारा. एका बाजूने दोघींनी ओली चादर धरून आत सोडायची, दुसरीकडे ती कोरडी, कडक होऊन बाहेर येते. रुळाच्या वर, डोक्यापाशी, आडवी लाल दोरी. ती ओढली की रूळ जागच्या जागी थांबतो. मी भिंतीशी शिलाई मशीन घेऊन बसायची, म्हणजे हे सगळं अगदी डोळ्यांसमोर.

ताई त्या खात्याची मुकादम. वयाने माझ्याहून लहान, तरी मीसुद्धा तिला ताईच म्हणायची. कामाला वाघ. कुठल्या यंत्राचा आवाज बदलला हे तिला पाठ फिरवून उभी असतानाही कळायचं. कुणाचं पोर आजारी, तिचं काम ताई करणार. कुणाच्या हातून चादर फाटली, वरच्यांची बोलणी ताई खाणार. तिचं पालुपद एकच, "तू राहू दे, मी बघते."

आता हे गोड वाटतं ना? आम्हालाही वाटायचं. वरचे साहेब लोक उंटावरून शेळ्या हाकणारे, त्यांच्यापुढे ही म्हणजे देवच.

एकदा एका नव्या मुलीच्या हातून चादर गोळा झाली. ती घाबरली आणि तिने लाल दोरी ओढली. तापलेला रूळ मध्येच थांबला की आतली चादर करपते, तशी ती करपली, आणि रूळ पुन्हा सुरू करण्यात सकाळ गेली. दुसरी कुणी मुकादम असती तर तिने त्या पोरीला फाडून खाल्लं असतं. ताईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "दोरीला हात नाही लावायचा बाळा. मला हाक मारायची. मी आहे ना?" त्यानंतर त्या दोरीला कुणी हात लावला नाही. चादर अडकली की "ताई!" अशी आरोळी, आणि ताई दूध उतू जात असल्यासारखी धावत यायची. रुळाच्या तोंडाशी बोटं अडवणारी एक पट्टी असते, ती सैल झाली होती. त्याची तक्रारही वर गेली नाही, कारण ताई म्हणाली होती, मी बघते. तिने ती तारेने बांधून टाकली.

तिची धाकटी जाऊ तिनेच कामाला आणलेली. नवरा गेल्यावर ही पोर कोपऱ्यात बसून राहायची, तिला उठवून ताईने रुळावर उभं केलं. तळहाताच्या फोडासारखं जपलं तिला. घरून येताना दोघींचे डबे ताईच्याच पिशवीत.

मग पर्यवेक्षकाची जागा निघाली. इस्पितळाच्या दोन्ही इमारतींचा धुलाईखाना एकीच्या हाताखाली. ताई सोडून ती कुणाला मिळणार? मुलाखतीच्या दिवशी सकाळी धाकटी चादरी सोडता सोडता आम्हाला नक्कल करून दाखवत होती. आदल्या संध्याकाळी घरी तिने चमचा हातात धरून ताईची तालीम घेतली होती. "बोला बाई, माणसं कशी सांभाळता तुम्ही?" ताई म्हणे लाजली, अडखळली, आणि शेवटी म्हणाली, "माझ्याशिवाय तिथे पान हलत नाही." धाकटीने टाळी वाजवली. "हेच सांगा, ताई. हेच!"

वर मुलाखत घेणाऱ्या बाईसाहेबांनी तिला तिच्या नेतृत्वाची पद्धत विचारली आणि तिने तेच सांगितलं. बाईसाहेबांना उत्तर आवडलं, असं मागाहून कळलं.

त्याच वेळी खाली धाकटी चादरीचं एक मुडपलेलं टोक सरळ करायला वाकली. तारेने बांधलेली पट्टी कलली आणि तिचा उजवा हात चादरीबरोबर रुळाखाली गेला.

ती "ताई!" म्हणून किंचाळली. तिच्या शेजारची किंचाळली, "ताई!" आम्ही सगळ्याच ओरडत होतो. एक जिन्याकडे पळाली, एक दाराकडे. रूळ फिरत होता, त्याला काय? शेवटी पलीकडच्या खोलीतून बॉयलरवाला धावत आला. तो आमच्या खात्यातला नव्हता, त्याला आमच्या सवयी नव्हत्या. त्याने दोरी ओढली. मग आमच्याकडे वळून बघितलं आणि म्हणाला, "अहो, इतक्या जणी उभ्या आहात, एकीलाही ओढता आली नाही?"

अंगठा वाचला. बाकीची बोटं गेली, अर्धा पंजा गेला.

चौकशी झाली. दोष यंत्राचा ठरला, पट्टी जुनी होती. ताईला कुणी काही बोललं नाही. उलट वरून निरोप आला, जागा तुमचीच, सोमवारी होकार कळवा. आमच्यातली प्रत्येक जण तिचं सांत्वन करताना एकच म्हणायची, "तू खाली असतीस तर झालं नसतं गं." तिलाही तेच खरं वाटत होतं. आपण जागा सोडली, तेवढं चुकलं. आता मोठी जागा घ्यायची आणि एक क्षण नजर हलवायची नाही.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. धाकटीच्या सदऱ्यांची बटणं काढून मी दाबल्या की चिकटणाऱ्या पट्ट्या शिवल्या होत्या, एका हाताला बटणं जमत नाहीत म्हणून. धाकटी खाटेवर बसली होती, हात बँडेजात. तिने एक सदरा चढवला. ताई तिच्यापुढे स्टूल घेऊन बसली आणि पुन्हा तेच सुरू झालं, "मी तिथे असायला हवं होतं. मी त्या दिवशी वर जायलाच नको होतं."

"ताई, असं नका ना म्हणू," धाकटी म्हणाली. "तुमचं काय चुकलं? दोरी तर माझ्या डोक्यावरच होती. मला दिसत होती. डावा हात मोकळाच होता माझा."

"मग?"

"मग काय? तुमची वाट बघत होते."

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. लेकराने सांगावं तसं. तिच्या मनात टोचून बोलायचं काही नव्हतं, आणि म्हणूनच मला ते ऐकवेना. मी पिशवीची घडी घालत बसले.

ताईचा चेहरा मी बघितला. आजवर इतक्या आजारी माणसांच्या चादरी हाताळल्या, पण इतकं पांढरं काही मी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "उद्या वर सांगते. ती जागा मला नको."

"नको?" धाकटी घाबरली. खरंच घाबरली. "असं काय करता? मग आमच्याकडे कोण बघणार?"

आणि बोलता बोलता तिने डावा हात बाजूला घेतला, छाती पुढे केली, ताईने सदऱ्याची पट्टी लावून द्यावी म्हणून. ताईचे हात निम्म्यापर्यंत गेलेसुद्धा. मग तिने ते मागे घेतले आणि स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले.

"तू लाव," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, ताई रागावली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. मग तिने डाव्या हाताने पट्टी धरली. ती निसटली. तिने पुन्हा धरली.