सोनचाफ्याला पेट्रोलचा वास

सोनचाफा हुंगला की मला अजून सातिवलीचं ते गॅरेज आठवतं. तिथे कामाला असताना वसईच्या एका बागायतदार काकूंच्या व्हॅनचं अख्खं इंजिन मी पहिल्यांदाच एकट्याने बांधलं होतं. चौथ्याच दिवशी काकूंची व्हॅन काळा धूर सोडत दारात हजर! गाडीतली चाफ्याची टोपली त्यांनी माझ्या नाकापुढे धरली. “वास घे. फुलांना पेट्रोलचा वास मारतोय, व्यापाऱ्याने माल परत पाठवला.” गॅरेजचे मालक म्हणाले, “इंजिन परत उघड.” मी म्हणालो, “नाही शेठ. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ऑइल जळून धूर निळा आला असता. काळा आहे, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय.” प्लग काढले, ते काजळीने माखलेले. मग गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला. इंजिनावर हात ठेववत नव्हता आणि स्कॅनर ते थंड असल्याचं दाखवत होता. म्हणूनच तापलेली गाडीसुद्धा सकाळच्या पहिल्या स्टार्टसारखी पेट्रोल ओढत होती. तापमानाच्या सेन्सरची वायर चाचपत गेलो, तर ती एका ब्रॅकेटखाली चिरडलेली. इंजिन बांधताना ते ब्रॅकेट मीच आवळलं होतं. “काकू, चूक माझी,” मी सगळ्यांसमोर सांगितलं. वायर बदलली आणि धूर थांबला. काकू सायलेन्सरपाशी वाकून वास घेऊन आल्या आणि मालकांना म्हणाल्या, “यापुढे माझ्या गाडीला हाच पोरगा हात लावेल.” पुढे मी आचोळ्याला स्वतःचं गॅरेज काढलं, तेव्हा पूजेला पहिली गाडी उभी राहिली ती त्यांचीच.