तीन आणि पाच यांच्यामधली जागा

लाँड्रीवाल्या मावशीला गल्लीतलं काय माहीत नाही, एवढंच विचारावं. उत्तर लवकर संपायचं. कुणाकडे पाहुणे आलेत, ते किती दिवस राहणार आणि ते गेल्यावर घरातल्यांनी सुस्कारा टाकला की डोळे पुसले, हे तिला धुवायला आलेल्या चादरींवरून कळायचं. मनात कपट नव्हतं हो. पण एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक नाही म्हटलं की तिला घास गिळायचा नाही.

कमरेला कायम कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी, म्हणून सगळे तिला चिमटेमावशी म्हणायचे. नवरा खाली दुकानात इस्त्री करायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोजकं बोलायचा. त्याच्या वाटचंही तीच बोलून टाकायची, त्यामुळे घरात कधी कमी पडलं नाही.

गावच्या फुटबॉल संघाचे कपडे तिच्याकडे यायचे. सामना झाला की चिखलानं माखलेलं गाठोडं येऊन पडायचं, आणि धुतलेले शर्ट ती गच्चीवर नंबराप्रमाणे ओळीनं वाळत घालायची. खांद्याला चिमटा लावला की शर्ट ओघळतो, म्हणून खालच्या काठाला चिमटे लावून उलटे टांगायचे. सगळ्या गल्लीला उलटे आकडे वाचायची सवय झाली होती. कोण दुखापतीनं घरी बसलाय, कोणाला पुन्हा घेतलंय, हे लोकांना पेपराआधी मावशीच्या दोरीवरून समजायचं.

त्या दोरीवर तीन आणि पाच यांच्यामध्ये एक जागा मोकळी असायची. एका शर्टापुरती. तिथे दोन रिकामे चिमटे.

चार नंबर समोरच्या घड्याळजींच्या मुलाचा होता. घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे. मावशीच्या नवऱ्याचे जुने मित्र, बायको आधीच गेलेली. एकुलता एक पोरगा. हाडकुळा, पण त्याच्या पायातून चेंडू काढून घेणं म्हणजे मांजराच्या तोंडातून मासा काढणं. साध्या तापाचं निमित्त झालं आणि चांगला हिंडताफिरता मुलगा हां हां म्हणता गेला. संघानं ठरवलं, हा नंबर आता कुणी घालायचा नाही. त्याचा शर्ट काचेच्या चौकटीत घालून क्लबच्या भिंतीवर लावला. भाषणं झाली. मावशीला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण पुढच्या वेळी कपडे वाळत घालताना तीननंतर तिचा हात थांबला. पाचला लगेच तिथे टांगणं तिला जमेना. तेव्हापासून ती जागा तशीच. घड्याळजींची खिडकी बरोबर गच्चीसमोर. त्यांना दिसेल, बरं वाटेल, असं तिच्या मनात.

यंदा नवे शर्ट आले. नव्या कापडाची खळ काढायला पहिली धुलाई लागते. मावशी एकेक शर्ट बादलीत टाकत होती आणि हातात चार नंबर आला.

तिनं तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. चारच.

तशीच ओल्या हातानं ती क्लबच्या सेक्रेटरीकडे गेली. "अहो, चूक झालीय. चार नंबर आलाय."

"चूक नाही मावशी," सेक्रेटरी कागदात डोकं घालून म्हणाला.

"म्हणजे नंबर पुन्हा दिला? कुणी सांगितलं?"

"वरून आलंय."

"वर? वर तर माझी गच्ची आहे. तिथून काही आलेलं नाही!"

"मावशी, मला बोलायची मनाई आहे. धुवा आणि द्या. रविवारी सामना आहे."

मनाई! हा शब्द मावशीसमोर उच्चारणं म्हणजे सुक्या गवतावर काडी टाकणं. घरी येऊन तिनं शर्ट नवऱ्याच्या अंगाला लावून पाहिला. पोटावर भरपूर ढगळ.

"घालणारा खात्यापित्या घरचा आहे," ती म्हणाली.

"हं," नवरा म्हणाला.

"आणि मान आखूड."

"हं."

तिसऱ्या घटकेला ती बेकरीत होती. तिथे एक नवा कामगार लागला होता, परगावचा, गोलमटोल, भुवयांवर पीठ. त्याला आल्यापासून कुणाशी बोलताना कुणी पाहिलं नव्हतं. मावशीनं पाव मागितला आणि त्याच्या मानेकडे पाहत राहिली.

"मावशी, काय बघताय?"

"तू फुटबॉल खेळतोस का रे?"

तो पिठाखालून लाल झाला. "कुणी सांगितलं?"

"तुझ्या मानेनं. चार नंबर तुला दिलाय ना?"

"मला बोलायचं नाही असं सांगितलंय."

"कुणी?"

"ज्यांनी सांगितलं त्यांनी." मग हळूच म्हणाला, "मी मागितला नव्हता हो. तो नंबर कुणाचा होता ते मागाहून कळलं, तेव्हापासून झोप नाही. परत देऊ का?"

मावशी पाव तिथेच विसरून घरी आली.

आता खरा पेच पडला. शर्ट धुतला, पण टांगायचा कुठे? समोर खिडकीत बाप बसलेला, डोळ्याला भिंग लावून. त्याला या गोष्टीचा पत्ता असेल की नसेल? नसेल, आणि मान वर करून बघितलं तर? मेलेल्या मुलाचा नंबर वाऱ्यावर हलतोय, आणि तो हलवणारी मी! तिनं तो शर्ट खाली स्वयंपाकघरात, पंख्याखाली खुर्चीवर पसरला. बाकीचे दोरीवर, आणि मधली जागा मोकळी.

सकाळी शर्ट वाळला होता, पण त्याला कुबट वास मारत होता. बंद घरात वाळवलेल्या कपड्याचं असंच होतं. ऊन मिळालं नाही की तो रुसतो. असला शर्ट लाँड्रीतून बाहेर गेला तर शोभा होणार. पुन्हा धुवावा लागला. आता ऊन हवं, आणि ऊन फक्त गच्चीवर.

पिळलेला शर्ट बादलीत घेऊन ती दारातच उभी राहिली. नवऱ्यानं इस्त्री बाजूला ठेवली.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," तो म्हणाला. "सेक्रेटरीला विचारलंस, बेकरीवाल्याला विचारलंस. समोर का नाही विचारत?"

"कसं विचारू? असलं विचारतात का?"

"तू?" एवढंच म्हणून त्यानं पुन्हा इस्त्री उचलली.

मावशी बादलीसकट रस्ता ओलांडून घड्याळजींचा जिना चढली. खोलीभर उघडी घड्याळं. कुणाचं झाकण काढलेलं, कुणाचे काटे काढलेले. ती आधी गुडघ्यांचं बोलली. मग उन्हाचं बोलली. मग मांजरीला पिल्लं झाल्याचं सांगितलं.

"वहिनी," घड्याळजी म्हणाले, "बादलीत काय आहे?"

"शर्ट."

"किती नंबरचा?"

"चार," ती कशीबशी म्हणाली.

त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "मग वाळत का नाही घातला?"

"तुम्हाला बघवणार नाही म्हणून."

हातातला बारका स्क्रू त्यांनी डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं.

"वहिनी, मला ती रिकामी जागा बघवत नव्हती. सगळा संघ वाळत असायचा, पोरं एकमेकांना खेटून उभी असल्यासारखी, आणि माझाच गेलेला. दर आठवड्याला पुन्हा गेलेला. तुम्ही गच्चीवर आलात की मी उठून आतल्या खोलीत जायचो."

मावशीनं बादली खाली ठेवली. "मग मला सांगायचं नाही होय?"

"तुम्ही इतक्या मायेनं ते दोन चिमटे लावायच्या. कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून तर सेक्रेटरीला म्हटलं, माझं नाव घेऊ नको. वहिनींना वाईट वाटेल."

"म्हणजे ते 'वरून' म्हणजे तुम्ही!"

"मीच. काचेत घालून ठेवलंय त्याला. तो कधी घरात टिकला का? संघात नवा आला तेव्हा, तुम्हाला आठवतं ना, कुणी त्याच्याशी धड बोलत नव्हतं. शर्टसुद्धा दुसऱ्याचा मागून घालायचा. मी म्हटलं, काचेतला शर्ट राहू दे तिथे. पण नंबर बाहेर काढा. दर वर्षी जो सगळ्यात नवा असेल त्याला द्या. वर्षभर त्यानं घालायचा, मग पुढच्या नव्याला. तेवढ्या निमित्तानं लोक त्याच्याशी बोलतील तरी."

"गल्लीतल्या मांजरीला किती पिल्लं झाली ते मी विचारते," मावशी पदरानं नाक पुसत म्हणाली, "आणि हे एवढं विचारलं नाही."

"मी तरी कुठे सांगितलं."

तिनं विचारलं, "पण भावजी, खरं सांगा. बघवेल?"

"ठाऊक नाही," ते म्हणाले. "बघितल्याशिवाय कसं कळणार? तुम्हालाच सगळ्याची उत्सुकता असते होय? मलाही बघायचंय."

मावशी गच्चीवर गेली. तीन आणि पाच यांच्यामधले ते दोन चिमटे उघडले. त्यांना बंद राहायची एवढी सवय झाली होती की एकाची स्प्रिंग कुरकुरली. तिनं शर्ट झटकला, काठानं टांगला. वाऱ्यानं तो एकदा पोट फुगवून पाचाला धडकला. मागे वळून बघायची तिची हिंमत होत नव्हती. पण न बघता राहील ती चिमटेमावशी कसली? तिनं वळून पाहिलं.

घड्याळजी खिडकीत होते. डोळे ओले होते, पण माणूस जागेवरून उठला नव्हता.

खाली उतरून ती बेकरीत गेली. "परत-बिरत द्यायचा नाही," तिनं त्या गोलमटोलाला दटावलं. "आणि सामना झाला की आमच्या समोरच्या घड्याळजींकडे जाऊन ये. त्यांना सगळं सांग. चेंडू कुठे कुठे गेला तेसुद्धा."

"बहुतेक माझ्यापासून लांबच जाईल, मावशी."

"मग तेच सांग."

सोमवारी गाठोडं आलं. सगळ्यात मळका शर्ट चार नंबरचा. पठ्ठ्या चेंडूमागे कमी आणि चिखलात जास्त होता. मावशीनं घासून घासून धुतला, टांगला, आणि दुसऱ्या दोरीकडे वळली.

"वहिनी!" समोरून हाक आली. घड्याळजी खिडकीतून अर्धे बाहेर आले होते. "चारच्या पाठीवर डाग राहिलाय!"

"भिंग लावून बघाल तर दिसणारच!" मावशीनं खालीही ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं. "आणि तुमचा तो नवा पोरगा तरी जरा कमी लोळेल का? काल येऊन गेला ना? काय म्हणत होता? किती वेळ बसला? अहो, सांगा की!"