वीसपैकी तेरा

आम्ही फ्रान्समध्ये असतानाच नवरा वारला. त्या उन्हाळ्यात मी लेकीला घेऊन अमेरिकेत वेस्ट विंडसरला दिरांकडे आले. इथल्या हायस्कूलने तिच्या लिऑनच्या प्रगतिपुस्तकांचं इंग्रजी भाषांतर मागितलं. ते मीच केलं. फ्रेंच शिक्षक सगळं थोडक्यात लिहितात. ‘म्वाय.’ म्हणजे सरासरी, ‘आ. बे.’ म्हणजे बऱ्यापैकी चांगलं.

गणितात तिला वीसपैकी तेरा होते. शाळेच्या समुपदेशक बाईंनी कॅल्क्युलेटर दाबला. “पासष्ट टक्के. आमच्याकडे हा डी. हिला खालच्या गणितात घालू.”

घरी दीर म्हणाले, “वहिनी, सरळ ए लिहा. इथे कुणाला फ्रेंच येतंय?”

“तेरा म्हणजे तेराच, भाऊजी.”

“आई, प्लीज. जस्ट राइट ए,” लेक म्हणाली.

मी लिहिलं नाही. तिथे पूर्ण वीस कुणालाच देत नाहीत. सोळा मिळाले तर घरी केक आणतात. तिच्या तेरांशेजारीच छापलं होतं: वर्गाची सरासरी नऊ, सर्वांत जास्त चौदा. हे आकडे बाईंनी पाहिलेच नव्हते. मी तेही टाइप केले आणि टक्क्यांचा रकाना कोरा ठेवून पुन्हा शाळेत गेले. लेक सोबत होती.

बाईंनी आकडे वाचले, पुन्हा वाचले. मग त्यांचं बोट शेवटच्या सत्रावर थांबलं. सगळ्या विषयांपुढे ‘एन. एन.’ होतं, म्हणजे गुण दिलेले नाहीत. खाली ‘गैरहजर, कारण मान्य’.

“इथे शून्य घालावं लागेल. कॉम्प्युटर रिकामी जागा घेत नाही.”

त्या सत्रात ती हॉस्पिटलमध्ये बापाच्या उशाशी बसून त्याला पेपर वाचून दाखवायची. त्याला चष्मा सहन होत नव्हता.

“शून्य पेपर दिलेल्याला मिळतं,” मी म्हणाले. “हिने पेपर दिलाच नाही. ती वडिलांजवळ होती. तिच्या शाळेने ते मान्य केलंय. तुम्ही कोण खोडणार?”

बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. मी तो परत सरकवला. बाहेर पुढचे पालक ताटकळत होते. मी उठले नाही.

शेवटी बाईंनी पेन घेतलं. त्या सत्रापुढे हाताने लिहिलं, ‘लागू नाही’. गणिताच्या रकान्यात वरच्या पातळीच्या वर्गाचा क्रमांक घातला.

गाडीत लेक म्हणाली, “यू वेअर सो रूड, आई.”

“हो,” मी म्हणाले आणि गाडी काढली.