साठाव्या पानानंतरची बुरशी

हसू नका असं सांगून उपयोग नाही, तुम्ही हसालच. पण आधी माझी काळजी ऐका. त्या दिवसांत माझी झोप उडाली होती, कारण माझी चार वर्षांची ओवी पोळी खात नव्हती. भात खायची, मुरमुरे खायची, एकदा खडूही खाल्ला. पोळी मात्र नाही.

सासूबाई म्हणायच्या, "भूक लागली का खाईल. तू काहून जीव टाकून राहिली?" पण मी इंटरनेटवर वाचलेलं ना. वाचणाऱ्या आईला झोप कुठली?

दुसरी काळजी नोकरीची. भंडाऱ्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी कंत्राटावर. काम असं, की कपाटात पडलेले प्राध्यापकांचे जुने प्रबंध स्कॅन करायचे, माहिती भरायची आणि कॉलेजच्या ऑनलाइन संग्रहात टाकायचे. तिथून कोणीही, कुठूनही, फुकट वाचावेत. लवकरच तपासणी समिती येणार होती, आणि माझं कंत्राट पुढे चालणार की नाही ते त्यानंतरच ठरणार होतं.

नेमका कॉलेजचा स्कॅनर बिघडला. मग कापगते सरांचा प्रबंध मी घरी आणला. सर निवृत्त, राहणार आंधळगाव, विषय धानावरची बुरशी. घरच्या छोट्या स्कॅनरवर मी एकेक पान ठेवत होते आणि ओवी शेजारी ताट घेऊन बसली होती.

"आई, हे काय करून राहिली?"

"सरांचं पुस्तक सगळ्या जगाला देते. इथं ठेवायचं, हिरवं बटण दाबायचं, मग ज्याला पाहिजे तो घेतो."

"पैसे?"

"नाही लागत."

एवढ्यात दूध उतू गेलं. गॅस पुसून परत आले तर ताट रिकामं. पोळी गायब, अख्खी. मी ओवीला कवटाळलं. नवऱ्याला वरठीला ड्युटीवर फोन केला, शेजारच्या काकूंनाही सांगून आले. स्कॅनरच्या काचेवर तेलाचा डाग होता, तो नवऱ्याच्या नावावर टाकून पुसला आणि पुढचं पान ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात फाइल तपासताना साठाव्या पानानंतर एक बिननंबरचं पान दिसलं. गावाकडच्या नेटवरही उघडावी म्हणून आम्ही फाइल काळी-पांढरी ठेवतो. त्यात एक वेडंवाकडं वर्तुळ, मधे काळे ठिपके, एका बाजूला नकाशासारखं टोक. मूळ प्रबंधाशी ताडून बघायचं असतं, नियमच आहे. पण प्रबंध घरी राहिलेला. शिवाय जुन्या प्रबंधांत चित्रांच्या पानांना नंबर नसतोच कधी कधी. वगळलं आणि चूक निघाली तर? मी माहितीत लिहिलं, 'बुरशीची वाढ, छायाचित्र', आणि टाकून दिलं जगापुढे.

थोड्याच दिवसांत कुठल्याशा विद्यापीठातल्या संशोधकाची मेल आली. साठाव्या पानानंतरची बुरशी कोणती? कुठे सापडली?

प्राचार्य मॅडम खुर्चीतून उठल्याच. "बाहेरून पहिली विचारणा आली. समितीला हेच दाखवू."

सरांना बोलावणं गेलं. सर फटफटीवर आले, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ स्क्रीन न्याहाळत राहिले.

"बपेरा गावची आहे," ते म्हणाले. "धानाच्या बांधीतली. मीच काढला हा फोटो. गुडघाभर चिखलात उभा होतो."

खुद्द लेखकानं ओळखलं, मग मी कोण शंका घेणारी? मॅडमनी ते चित्र दाराएवढं मोठं छापून ग्रंथालयाच्या भिंतीवर लावलं.

समितीच्या आदल्या दिवशी सासूबाई लग्नाला गेल्या, म्हणून ओवी माझ्यासोबत कॉलेजात. मॅडम आणि सर त्या पोस्टरखाली उभे राहून उद्या काय बोलायचं ते ठरवत होते. ओवीनं मान वर केली.

"आई, माही पोळी."

"चूप. ती बुरशी आहे."

"नाही. तू केली होती. हे पाह्य, इथं मी चावली."

कडेला खरंच दुधाच्या दातांची सुबक महिरप होती.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे. सर चष्मा पुसायला लागले.

"सर, तुम्ही तर चिखलात उभे होते ना?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, पोळी अशी राहते का?" सर कळवळून म्हणाले. "सारी उमर बुरशी पाहून राहिलो मी. कोणीबी फसलं असतं."

माझं कंत्राट वरठी स्टेशनावरून सुटणाऱ्या गाडीसारखं डोळ्यांदेखत निघून चाललं होतं. तेवढ्यात मॅडम टेबल धरून हसायला लागल्या. "समितीच्या आधी सापडलं म्हणून वाचलीस. ते पान काढ, त्या संशोधकाला खरं काय ते कळव. आणि पुढचे प्रबंध इथंच स्कॅन करायचे, घरी नाही."

पुढचे प्रबंध म्हणाल्या. म्हणजे नोकरी होती.

संग्रहातली फाइल बदलली की कारण लिहावं लागतं, आणि तेही सगळ्या जगाला दिसतं. 'चुकून आलेले पान वगळले' असं लिहून मी ओवीकडे वळले. "पण पोळी तिथं ठेवली काहून तू?"

"तूच म्हणली ना, तिथं ठेवलं का ज्याले पाहिजे तो घेते. मले नव्हती पाहिजे."

"मग?"

"कोणीच नाही आलं घ्याले. मंग मी खिडकीतून गाईले देली." ओवीनं परत पोस्टरकडे पाहिलं. "तिनं बी नाही खाल्ली."